शॉक ॲब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत

संपादक महोदय,

खडकाळ वाटांवर चालणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा एक शॉक ॲब्सॉर्बर गळू लागला की तेवढाच बदलण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती मला धोकादायक वाटते. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉक ॲब्सॉर्बर आतले तेल बारीक झडपांतून ढकलून स्प्रिंगची उसळी उष्णतेत रूपांतरित करतो व चाक जमिनीला धरून ठेवतो. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला असेल, तर वळणावर आणि ब्रेक लावताना गाडीच्या दोन बाजू सारख्या वागत नाहीत, म्हणून एका ॲक्सलवरचे (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरचे) दोन्ही एकदमच बदलायला हवेत.

सलग दणक्यांनी तेल तापून फेसाळते आणि शॉक ॲब्सॉर्बरची उसळी आवरण्याची ताकद कमी होते. नायट्रोजन भरलेल्या प्रकारात हे बरेच कमी होते. गाडी उंच करून घेतली असेल, तर मात्र शॉक ॲब्सॉर्बरची पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दबलेली, अशी दोन्ही मापे नव्या उंचीशी जुळवल्याशिवाय खरेदी करू नये.

बसवतानाची घाई तर मला अक्षम्य वाटते. जुना बोल्ट सोडण्यापूर्वी ॲक्सलला खालून आधार दिला नाही, तर ॲक्सल खाली घसरून ब्रेकच्या नळीवर ताण येतो. रबरी बुश (सांध्यात बोल्टभोवती बसणारी रबराची नळी) असलेले बोल्ट चाकांवर गाडीचे वजन आल्यानंतरच पूर्ण आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. कारागिरांनी हे ग्राहकाला आधीच समजावून सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक