धाग्याची लांबी बोंडात ठरते. त्याचा अभ्यास कोरडवाहू शिवारात व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर आणि लांब म्हणजे २९.५ ते ३०.५. पाच मिलिमीटरला चारशे रुपये! खरेदी केंद्रावर वाद होतो तो ओलाव्यावरून आणि कवडीवरून, म्हणजे किडक्या, डागाळलेल्या कापसावरून. हे पाच मिलिमीटर नेमके कधी पदरात पडतात किंवा हातचे जातात, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि घरची शेती कोरडवाहू कापसाची आहे. म्हणून सांगावेसे वाटते. कापसाचे फूल सकाळी पांढरे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. ते गुलाबी पडेपर्यंत आतल्या कोवळ्या सरकीच्या सालीवरच्या काही पेशी फुगून वर यायला लागलेल्या असतात. कापसाचा एक तंतू म्हणजे अशी एकच पेशी. पुढचे साधारण तीन आठवडे ती फक्त लांबत जाते. नंतर तिच्या भिंतीत सेल्युलोज भरते आणि तंतूला ताकद येते. वीस दिवसांचे हिरवे बोंड ब्लेडने कापून पाहा. कप्प्यांत ओला, चिकट, पांढरा लगदा दाटलेला दिसतो. त्याला अजून कापूस म्हणवत नाही, पण त्याची लांबी तोवर बहुतेक ठरून गेलेली असते.

हे सारे चालते जनुकांच्या हुकमावर. जनुकाची आधी आरएनए नावाच्या रेणूत नक्कल होते, तिच्यातले काही तुकडे काढून टाकले जातात आणि उरलेले जोडले जातात. ही जोडणी दर वेळी सारखीच होते असे नाही. एकाच ठाणातून शिंप्याने कधी सदरा बेतावा, कधी बंडी, तशी एकाच जनुकापासून वेगवेगळी प्रथिने तयार होऊ शकतात. याला अल्टरनेटिव्ह स्प्लायसिंग म्हणतात. तंतू फुटताना, लांबताना आणि भरताना ही जोडणी बदलत जाते, असे संशोधनातून दिसले आहे. आपल्याकडच्या अमेरिकन कापसात तर दोन पूर्वज जातींचे जनुकसंच एकत्र नांदतात. एकाच जनुकाच्या त्या दोन प्रतींची जोडणीही पुष्कळदा वेगळी होते. नुसते जनुक मोजून वाणाचा धागा कळत नाही, ते यामुळेही.

मराठवाड्यासाठी कळीचा मुद्दा पुढेच आहे. पाण्याचा ताण आणि उष्णता यांनीही वनस्पतींमध्ये ही जोडणी बदलते. आपल्याकडे बोंडे धरण्याच्या सुमारास पावसाची ओढ बसणे नेहमीचे. तंतू लांबतो तो पेशीतल्या पाण्याच्या दाबावर. त्या तीन आठवड्यांत मुरमाड जमिनीतला ओलावा संपला, तर धागा आखूड राहतो आणि नंतर कितीही पाऊस झाला तरी त्या बोंडाचा धागा पुन्हा वाढत नाही. बियाण्याच्या पाकिटावर बीटी लिहिले की धागाही चांगलाच निघणार, असा समज गावोगाव आहे. बीटीचे जनुक बोंडअळीशी लढण्यासाठी आहे, धाग्याशी त्याचा थेट संबंध नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे सुधारित वाण दिले, नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-४४ सारखा गाजलेला संकर दिला. पावसाची ओढ सोसण्यात देशी कापसाचे नाव आहे, अमेरिकन कापूस लांब धाग्यात पुढे. ताणाच्या दिवसांत या दोघांच्या तंतूंत जनुकांची जोडणी कशी बदलते, हे शेजारी शेजारी तपासण्यासाठी याहून योग्य जागा मला दिसत नाही. माझी मागणी एवढीच की, विद्यापीठाने हे काम ओलिताच्या प्रक्षेत्रापुरते न ठेवता कोरडवाहू शेतकऱ्यांच्या शिवारात करावे. फुलाला तारखेची चिठ्ठी बांधावी, दहाव्या, विसाव्या, तिसाव्या दिवशी बोंडे तोडून प्रयोगशाळेत न्यावीत आणि त्याच झाडांचा धागा वेचणीनंतर मोजावा. शासनाने त्यासाठी स्वतंत्र निधी द्यावा. शिवारफेरीत शेतकऱ्यांपुढे एखादे हिरवे बोंड कापून हे समजावूनही सांगावे. फुलोऱ्यानंतरच्या कोणत्या आठवड्यात शेततळ्यातले एखादे संरक्षित पाणी द्यायचे, हे त्यांना त्यातूनच ठरवता येईल.

आपला,
एक वाचक
ता. मानवत, जि. परभणी