कॅमेऱ्याआधी उजेड बघा

मा. संपादक,

मागे तुमच्या पुरवणीत घरबसल्या चित्रकलेचे व्हिडिओ करून शिकवणाऱ्यांबद्दल छापून आलं होतं. वाचून बरं वाटलं, पण त्यात सामानाची जी यादी होती ती बघून आमच्या ओळखीतल्या काही पालकांनी सरळ महागड्या कॅमेऱ्याची चौकशीच सुरू केली. मी फोंड्याला मुलांना चित्रकला शिकवते, व्हिडिओ पण करते, म्हणून लिहावंसं वाटलं की बाबांनो जरा थांबा. हातात जो फोन आहे तो पुरे. पैसे असतील तर ते उजेडावर, स्टँडवर आणि माईकवर घाला, कॅमेरा सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना तो कधीच लागणार नाही.

उजेडाचंच बघा. उत्तरेच्या खिडकीत बसा म्हणजे सावल्या येत नाहीत असं सगळेच सांगतात, पण हा नियम विलायतेतला, तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. आपला गोवा 15 अंशावर, मे महिना लागला की दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या साधारण दहा तारखेपर्यंत तिकडेच राहतो, म्हणजे नेमकी मुलांना सुट्टी असते आणि आपल्याला रेकॉर्डिंगला वेळ मिळतो तेव्हाच उत्तरेच्या खिडकीतून ऊन कागदावर यायला लागतं. खिडकीला ट्रेसिंग पेपर नाहीतर पातळ पांढरं कापड लावलं की काम होतं. पण जून लागल्यावर वेगळंच, एक ढग आला की अर्ध्या व्हिडिओत कागद पांढरा आणि अर्ध्यात राखाडी, त्यामुळे दिवे लागतातच.

दिवे घेताना वॅट बघू नका, खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, किती लिहिलाय ते बघा. घरातले साधे एलईडी बल्ब 80 च्या आसपास असतात, त्यात लाल रंग मेल्यासारखा दिसतो, रंगकामाला 90 च्या वरचा हवा. दोन्ही दिवे एकाच जातीचे घ्या, एक पिवळा आणि एक 6500 केल्विनचा निळसर पांढरा (कूल डेलाइट) असं केलं तर कागदाच्या एका बाजूला हळद सांडल्यासारखं दिसतं आणि मग ते कुठल्याच ॲपमध्ये नीट होत नाही. उजव्या हाताने काढत असाल तर मुख्य दिवा डावीकडून, साधारण 45 अंशात, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही आणि ओल्या रंगावर चमक येत नाही. मात्र कावीचं, म्हणजे आपल्याकडच्या देवळांच्या भिंतींवरच्या लाल-पांढऱ्या चित्रांचं काम दाखवायचं असेल तर उलट करा. तिथे तांबड्या थरात रेघ कोरून खालचा पांढरा चुना उघडा करतात, तो खोलगटपणा समोरच्या उजेडात अजिबात दिसत नाही, दिवा एकदम बाजूला आणि खाली आणला की रेघ न् रेघ उठते. आपल्याकडे कावी शिकवायची म्हणून बरेच जण बोलतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात ते फोनचा दोष नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फोनच्या कॅमेऱ्यातल्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा, पट्टे जातात. आणि फोकस, एक्सपोजर (उजळपणा), व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा, नाहीतर हात मधे आला की कागद पांढराफटक आणि हात काढला की काळपट, बघणाऱ्याचं डोकं दुखतं.

स्टँडला हजारो रुपये घालायची गरज नाही. देवळात नाहीतर भजनी मंडळाकडे तो लांब दांड्याचा माईक स्टँड असतो ना, तोच वरून फोन धरायला उत्तम. त्याचे आटे मोबाईल होल्डरच्या आट्यांशी जुळत नाहीत, मधे छोटा अडॅप्टर घालावा लागतो. मागच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा नाहीतर फोन सरळ पाण्याच्या भांड्यात. स्टँड टेबलाला चिकटवू नका, खोडरबर फिरवलं की सगळं चित्र हलतं. अजून एक, रेकॉर्डिंग फोन हवा त्या दिशेने तोंडासमोर धरून सुरू करा आणि मग तसाच स्टँडवर सपाट झोपवा. आधीच सपाट ठेवला तर बऱ्याच फोनना कळत नाही वर कुठलं खाली कुठलं, आणि तासाभराचं काम उलटं रेकॉर्ड होतं.

आवाजाबद्दल काय सांगू. सकाळी पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंपू, मग मासे विकणारी नुस्तेवाली, दुपारी शेजारचं ग्राइंडर, आणि पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस सुरू झाला की स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू येत नाही. पंखा बंद केला तर घाम कागदावर टपकतो. म्हणून मी चित्र मुक्यानेच काढते आणि बोलणं रात्री कपाटातल्या कपड्यांत तोंड घालून वेगळं रेकॉर्ड करते, घरचे हसतात पण आवाज छान येतो. साधा कॉलर माईक पुरतो. करंट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे निदान एक दिवा पॉवर बँकवर चालणारा ठेवा. आणि ज्यांनी कॅमेरा घेतलाच आहे त्यांनी तो पावसात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आपल्या दमटपणात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

आता माझी एक मागणी. हे सगळं ज्यांच्या घरी मावत नाही त्यांचं काय? मडगाव, कुडचडे, साखळी, वास्कोला रवींद्र भवनं आहेत, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आहे, पणजीत कला अकादमी. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक शांत खोली, दोन चांगले दिवे आणि एक स्टँड एवढं जरी ठेवलं तरी किती जणांचं काम होईल. शिवाय पुस्तकासारखी घरी न्यायला मिळेल अशी एक पिशवी पण हवी, दिवे, स्टँड, माईक घातलेली, कारण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी चित्रशाळांत, म्हणजे गणपती घडवतात त्या ठिकाणी, मूर्तीचे डोळे रेखणारी जी जुनीजाणती माणसं आहेत ती काम सोडून कुठल्या खोलीत येणार, तिथे आपणच जायला हवं. त्यांचं काम मराठीत, कोकणीत समजावून सांगणारे व्हिडिओ मला तरी शोधून फारसे सापडत नाहीत.

खोलीचं भाडं मात्र अर्ध्या दिवसाचं ठेवा, तासावर नको. जुलैमध्ये वॉटरकलरचा एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एक हात, वाळेपर्यंतच तास संपतो.

— एक चित्रकला शिक्षिका, फोंडा