तक्रार: जंगलातला म्हणून दिलेला लॉज शहरालगतचा निघाला

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: पेरूतील तांबोपाता सहलीसाठी तुम्ही निवडून दिलेल्या लॉजबाबत

महोदय,

लॉज सुचवा म्हणून लिहिताना माझ्या अटी ईमेलमध्ये स्पष्ट होत्या. मकाव पोपट जिथे माती खायला उतरतात ती दरड पहाटे गाठता यावी, महाकाय पाणमांजरांचं सरोवर जवळ असावं, रात्री जनरेटर बंद राहावा. खोली कितीही साधी चालेल, असंही कळवलं होतं. 'तिन्ही गोष्टी सहज होतील' हे तुमचं लेखी उत्तर. त्या भरवशावर पूर्ण रक्कम आगाऊ भरली.

प्रत्यक्षात लॉज प्वेर्तो माल्दोनादो शहरापासून बोटीने तासाभराच्या आतच. भोवती तोडून पुन्हा वाढलेलं जंगल, मधूनमधून केळीची शेतं. मकावांची दरड इथून नदीच्या वरच्या अंगाला काही तासांवर. हे पक्षी सकाळी लवकर येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. झाडपाल्यातून पुरेसं सोडियम मिळत नाही म्हणून ते ही माती खातात, असं मानलं जातं, हे गाईडने बोटीत छान समजावलं. दाखवायला मात्र रिकामी तांबडी दरड होती.

सरोवराची तर गंमतच. पाणमांजरं राहतात ती नदीने पात्र बदलल्यावर मागे उरलेल्या नालाकृती सरोवरांत. लॉजचं 'सरोवर' म्हणजे मासे पाळायला खणलेलं तळं! जनरेटर आमच्या खोलीच्या भिंतीमागेच, मध्यरात्र उलटेपर्यंत चालू. बेडकांचे आवाज ऐकायला गेलो होतो, डिझेलची घरघर ऐकून आलो. स्विमिंग पूल उत्तम होता, पण तो मागितला कुणी?

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने 'प्राणी दिसण्याची हमी नसते' म्हणून हात झटकले. हमी मी मागितलीच नव्हती. जग्वार दिसला नाही म्हणून मी भांडत नाही. पण दरडीपर्यंतचं अंतर, सरोवर कोणतं आणि जनरेटर किती वाजता बंद होतो, यात नशिबाचा काय संबंध? लॉजला आधी विचारलं असतं तर हे कळलं असतं.

दरडीच्या फेरीचे पूर्ण पैसे आणि लॉजच्या भाड्याचा निम्मा भाग परत करावा. तुमच्या माहितीपत्रकातलं 'घनदाट वर्षावनात' हे वर्णनही काढावं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

सोबत: ईमेलच्या प्रती, पावती, तळ्याचे आणि जनरेटरचे फोटो.

आपला,
एक ग्राहक