टीडीएस मीटरला जड पाणी कळत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी गेली २६ वर्षं पुण्यात गिझर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. थंडी पडली की ‘पाणी तापत नाही’ म्हणून फोन सुरू होतात. पेठांमधून असे फोन कमी, कारण तिथं खडकवासल्याचं हलकं पाणी येतं. वाघोली, उंड्रीकडे ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर दिवस काढतात, तिथं मात्र काही घरी माझी दरवर्षी फेरी ठरलेली.

मागच्या डिसेंबरात अशाच एका सोसायटीत एका काकूंनी मला दारातच धरलं. दीड वर्षात त्यांची तिसरी कॉइल गेली होती. “डुप्लिकेट माल बसवता आणि वर मजुरी घेता!” मी म्हटलं, काकू, एक बादली आणा आणि इथंच उभ्या राहा. गिझर रिकामा करून खालचं झाकण उघडलं, तर कॉइल बाहेरच येईना. बसवली तेव्हा बोटाएवढी जाड होती, आता मक्याच्या कणसाएवढी झालेली. स्क्रू ड्रायव्हरने पोपडे फोडून फोडून ती काढली. मागोमाग तळातला पांढरा चुरा बादलीत पडला. त्यातला एक खडा मी वाटीत घेतला आणि वर लिंबू पिळलं. चुर्र करून फेस आला. काकू म्हणाल्या, “अगंबाई, ही तर चुनखडी!”

चुनखडीच ती. जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापलं की बाहेर पडतात आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर जाऊन बसतात. थर जाड झाला की कॉइलची उष्णता अडते आणि ती आतल्या आत जळते. (लाइट बिल फार वाढतं असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, उष्णता जाणार कुठे? भुर्दंड पडतो तो कॉइलचा.) वॉशिंग मशीनच्या नळीतली जाळी तुंबते, साबणाचा फेस होत नाही, मग बाया पावडर दुप्पट टाकतात आणि कपडे कडक होतात. तूरडाळ शिजत नाही ही तक्रारही त्याच पाण्याची.

खरी गंमत पुढे आहे. त्या सोसायटीत पाणी हलकं करायचा सॉफ्टनर बिल्डरने बसवून दिलेला होता! पंपरूममध्ये धूळ खात उभा होता. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, तो धुवायला लागणारी मिठाची पोती यायची बंद झाली. सेक्रेटरी साहेबांनी सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यातल्या एकूण क्षारांचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राने, मोजलं होतं. दोन्हीकडे आकडा जवळपास सारखाच. झालं, ‘प्लँट बोगस आहे’ असा ठराव.

साहेब शिकलेले आहेत, मी आयटीआयवाला. पण मीटर सगळे विरघळलेले क्षार एकत्र धरून आकडा दाखवतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, म्हणून तो आकडा फारसा हलतच नाही. जडपणा मोजायचं थेंबांचं किट वेगळं मिळतं. पाणी आधी वाईनसारखं लाल होतं, मग एकेक थेंब टाकत निळं होईपर्यंत मोजायचं. मी बोअरचं पाणी तपासलं, ६२० निघालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि दुसरी सोयच नसेल तर ६००. मीठ घालून सॉफ्टनर धुऊन घेतल्यावर त्याच पाण्याचा आकडा ५० च्या आत आला. टीडीएस मात्र होता तिथंच.

याच गैरसमजावर विक्रेते पोट भरतात. दोन ग्लासांत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडतात, बोअरचं पाणी तपकिरी होतं आणि घरची मंडळी घाबरतात. तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. पाइपवर चुंबक बांधणारेही भेटतात. चुंबक बांधलेल्या घरीही मी तेवढेच पोपडे फोडले आहेत.

माझी मागणी एवढीच, की ताबा देताना बिल्डरने बोअरच्या पाण्याचा जडपणा लिहून द्यावा, आणि कमिटीने महिन्यातून एकदा सॉफ्टनरच्या आधीचा आणि नंतरचा आकडा लिफ्टशेजारच्या फलकावर लावावा. तोवर गिझर ५५ अंशांच्या वर ठेवू नका आणि वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. माझं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे. रोज पोपडे फोडून मनगट दुखायला लागलंय.

आपला,
एक गिझर मेकॅनिक, हडपसर, पुणे