हळू धाव, सोनू

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, धावणं आपल्याला जमणारं नाही. पाच मिनिटांत धाप लागते, नडग्या ठणकतात, आणि बाकीचे पुढे निघून जातात." तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली, म्हणून सविस्तर लिहायला बसले. तू हिंजवडीच्या त्या खुर्चीतून उठून सकाळी धावायला निघालास याचा मला किती आनंद झाला होता, ते तुला बोलून दाखवलंच नाही. ते सुटू नये असं फार वाटतं. तुझी अडचण माझ्या मते एकच आहे: तू फार जोरात धावतोयस.

मी इथे ठाण्यात उपवन तलावावर धावायला जायला लागले तेव्हा आमच्यातल्या एका जुन्या धावणाऱ्या ताईंनी पहिल्याच सकाळी सांगितलं की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचं. वाक्य मध्येच तुटलं तर वेग कमी करायचा, तरी तुटलं तर चालायचं आणि दम बसला की पुन्हा सुरू. तलावाच्या काठाने आम्ही बायका मुलांच्या ॲडमिशनबद्दल, सासूच्या दुखण्याबद्दल बोलत धावतो, ते उगीच नाही. अंगात ताकद किती वापरली जातेय, हे त्या बोलण्यावरून कळतं. तुझ्याबरोबर कोणी नसेल तर मनाचे श्लोक म्हण. लहानपणी पाठ केलेस, अजून येत असतील.

हळू धावणं ही म्हाताऱ्यांची सवलत आहे असं समजू नकोस. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने जागतिक दर्जाच्या धावपटूंचा आणि दीर्घकाळ दम टिकवावा लागतो अशा इतर खेळांतल्या खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यातला सुमारे 80 टक्के सराव असाच सोपा, बोलता येईल अशा वेगाचा निघाला. ज्यांना ऑलिंपिकला जायचंय ती माणसंसुद्धा रोज जीव काढत नाहीत, मग तू कशाला काढतोस?

त्या संथ वेगातच शरीर घडतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलायला शिकतं, त्यामुळे बसल्या जागी त्याला कमी ठोके द्यावे लागतात. माझी सकाळची नाडी पूर्वीपेक्षा संथ चालते, बोट ठेवलं की कळतं. स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात. आणि आपल्या घरात महत्त्वाची गोष्ट म्हणजे साखर. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता आत ओढून घेतो. तुझ्या आजोबांना मधुमेह, बाबांना मधुमेह. तू तिशीतच याचा विचार करावास, हे मी आई म्हणून ठासून सांगते.

आता नडग्यांचं. धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. म्हणजे दम पुरतो म्हणून माणूस वेग वाढवतो आणि पाय मागे राहतात. तोच भार बेताने आणि मध्ये विश्रांती देऊन पडला तर हाडं बळकट होतात. पाळी गेल्यावर आम्हा बायकांची हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात, म्हणून मला तर तो भार हवाच आहे. तू सध्या एक दिवसाआड धाव. नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, किंवा नुसतं चालतानाही दुखत असेल, तर मात्र धावणं थांबव आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखव. तिथे अंगावर काढायचं नाही.

मावशी तुला "गुडघे जातील" म्हणाली ना? 2017 साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र पाहणी झाली. त्यात हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज 3.5 टक्के लोकांत आढळली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के, आणि स्पर्धांसाठी धावणाऱ्यांत 13.3 टक्के. धावणारे मुळातच सडपातळ असतात, हेही त्यामागे असेल. पण बेताने धावल्याने गुडघे जातात असं काही त्यातून दिसत नाही. मावशीला हे आकडे मीच सांगेन.

खरं तर मला तुझ्या पायांपेक्षा तुझ्या मनाची काळजी जास्त आहे. रात्री दोनला तुझं व्हॉट्सॲप सुरू दिसतं. धावून आल्यावर डोकं हलकं होतं त्याचं श्रेय पूर्वी एंडॉर्फिनला, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या वेदनाशामक द्रव्याला देत. पण 2021 साली जर्मनीत एक प्रयोग झाला. एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन लोकांना धावायला लावलं, तरी तो आनंद त्यांना मिळालाच. शरीर स्वतःच बनवतं ती एंडोकॅनाबिनॉइड नावाची द्रव्यं त्यामागे असावीत, असं आता मानतात. आणि ती वाढतात मध्यम वेगाला. अगदी रमतगमत चाललं किंवा जिवाच्या आकांताने पळालं तर तेवढी वाढत नाहीत. तू धापा टाकत घरी येतोस आणि म्हणतोस की काहीच छान वाटलं नाही, ते यामुळेही असेल.

माझ्यापुरतं सांगायचं तर, ज्या गोष्टी अंथरुणात डोंगराएवढ्या वाटतात त्यांना धावताना हळूहळू क्रम लागतो. कुठली आज करायची, कुठली सोडून द्यायची, हे कळतं. झोपही गाढ लागते. मात्र आठवडेच्या आठवडे मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर नुसत्या धावण्यावर विसंबू नकोस. डॉक्टरांकडे जा, मी पुण्याला येईन, आपण दोघं जाऊ.

माझ्या माहेरच्या माण तालुक्यातली ललिता बाबर आठवते का? मोही गावची. आधी तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिला नंबर काढला, आणि मग 3000 मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीला येऊन 2016 च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, तिथे दहावी आली. वेगाच्या आधी तिने मैलोन्‌मैल पायाखाली घातले होते. त्या दुष्काळी मातीतली मुलगी म्हणून मला तिचं फार कौतुक आहे.

आणि इथल्या वेगाशी तुझा वेग ताडून पाहू नकोस. ठाण्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापतं, ठोके वाढतात, म्हणून मे महिन्यात आम्ही सगळेच मंदावतो. पुण्याची हवा तुला साथ देईल. दिवाळीत येशील तेव्हा घोडबंदर रोडच्या धुरात नको, येऊरच्या चढावर जाऊ. चढ मी चालतच चढते, तूही चाल.

बुटांसाठी तुझ्या खात्यात पैसे टाकले आहेत. ऑनलाइन मागवू नकोस, दुकानात जा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं आणि माप बरोबर मिळतं. धावताना घालतोस तेच मोजे घालून जा, आणि पुढे बोटभर जागा राहते ना ते उभं राहून बघ.

तुझी,
आई