कथासंग्रह हाच प्रबंध का नको?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा भाचा चार वर्षांची इंजिनिअरची नोकरी सोडून अमेरिकेत क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये, म्हणजे कथा-कविता लिहिण्यात, एम.एफ.ए. ही पदव्युत्तर पदवी घ्यायला गेला, तेव्हा माझ्या बहिणीनं महिनाभर नातेवाइकांना ‘एम.एस. करायला गेलाय’ असंच सांगितलं. ‘लेखक जन्मावा लागतो, घडवता येत नाही’ असं ठणकावणारी पत्रं आपल्या सदरात वाचली आणि तो महिना आठवला.

आधी एक दुरुस्ती. कवी दिलीप चित्रे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ‘लेखनाची पदवी घ्यायला’ गेले होते, असं एका पत्रलेखकानं म्हटलं आहे. चित्रे सत्तरच्या दशकात तिथं होते खरे, पण आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमात. त्याची पदवी मिळत नाही. पदवी मिळते ती त्याच विद्यापीठाच्या, १९३६ साली सुरू झालेल्या रायटर्स वर्कशॉपमध्ये. त्याच्याही आधी, १९२२ मध्ये, या विद्यापीठानं पदव्युत्तर पदवीसाठी शोधनिबंधाऐवजी कथा-कविता स्वीकारायचं ठरवलं होतं. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा असा एम.ए. १९७० पासून आहे. कादंबरीकार काझुओ इशिगुरो तिथलेच विद्यार्थी. (नोबेल त्या पदवीमुळे मिळालं, असं मी म्हणत नाही. पण पदवीनं त्यांचं काही बिघडवलंही नाही.)

अशा वर्गांत शिकवतात तरी काय? भाच्याच्या सांगण्यानुसार, फारसं काही नाही. दहा-बारा जण टेबलाभोवती बसतात. एकाची कथा सगळ्यांनी आधीच वाचलेली असते. तासभर तिची चिरफाड होते आणि लिहिणाऱ्यानं तेवढा वेळ तोंड उघडायचं नसतं. पहिल्या खेपेला हा ओठ चावून बसला होता. कथेत आजीचं स्वयंपाकघर होतं, सोवळं होतं. सोवळं म्हणजे काय, ते कोणालाच कळेना. दुसऱ्या खर्ड्यात त्यानं अर्धा परिच्छेद खर्चून ते समजावलं, तर कथा तिथंच अडते असं सगळ्यांचं मत पडलं. तिसऱ्यात त्यानं सोवळं काढूनच टाकलं आणि त्याबरोबर आजीही गेली. तिन्ही खर्डे त्यानं मला पाठवले. तिसरा सर्वांत सफाईदार आहे आणि सर्वांत निर्जीव. वर्गातल्यांचा यात दोष नाही. त्यांनी मनापासून वाचलं. पण ते वाचक त्या कथेचे नव्हते.

पैशाचंही सांगते, कारण पालक हळूच तेच विचारतात. भाच्याला फी माफ आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवण्याबद्दल विद्यावेतन मिळतं. त्यात तो काटकसरीनं राहतो. अशी सोय असलेल्या ठिकाणी जागा मोजक्या असतात, आणि प्रवेश गुणपत्रिकेपेक्षा सोबत जोडलेल्या वीस-तीस पानांवर ठरतो. उलट काही नामांकित ठिकाणी जवळजवळ पूर्ण फी भरावी लागते. घर गहाण ठेवून ही पदवी कोणी घेऊ नये. शिवाय एम.एस.वाल्या अभियंत्यांना शिक्षणानंतर तिथं कामासाठी तीन वर्षं मिळू शकतात, या मुलांना एकच. नोकरीच्या दृष्टीनं हा आतबट्ट्याचाच व्यवहार. विकत मिळतात ती लिहिण्यासाठीची दोन वर्षं आणि भिडेखातर ‘छान’ न म्हणणारे वाचक.

असे वाचक मराठीत कधी नव्हतेच असं नाही. गिरगावातल्या खटाववाडीत ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाचं हस्तलिखित बारकाईनं वाचत, त्यावर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत. ती चौकट काहींना जाचली. १९६९ मध्ये बंडखोर तरुणांनी ‘सत्यकथा’चा अंक जाळला, तेही विसरू नये. १९८२ मध्ये मासिक बंद झालं. आज मुलगा कथा लिहितो, व्हॉट्सअॅपवर टाकतो, वीस अंगठे येतात आणि विषय संपतो.

मी तीस वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवलं. एम.ए.चे लघुप्रबंध तपासले. ‘अमुक यांच्या कथांतील ग्रामीण जीवन’, ‘तमुक यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण’. लेखकाचं नाव बदललं तर निष्कर्षाचं प्रकरण तेच चालेल, अशी परिस्थिती. त्यांतली दोन-तीन मुलं उत्तम कथा लिहायची, पण वहीच्या मागच्या पानावर. पुढच्या पानांवर संशोधनपद्धती!

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला आहे. माझी सूचना एवढीच: मराठी विभागांनी त्याला पर्याय म्हणून विद्यार्थ्याची स्वतःची दीर्घकथा, कवितांची संहिता किंवा नाटक स्वीकारावं. नवी इमारत नको, नवं पदही नको. आठवड्यातून एक दुपार, एक टेबल आणि आधी वाचून आलेली दहा मुलं पुरेत.

गुण कसे द्यायचे, असं अभ्यास मंडळ विचारेल. पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा दोन्ही जमा करून घ्यावेत. त्यांच्यामध्ये विद्यार्थ्यानं काय काढलं, काय ठेवलं आणि का, यावर तोंडी परीक्षा घ्यावी. बहिःस्थ परीक्षक म्हणून प्राध्यापकाऐवजी लिहिता लेखक बोलवावा. त्याला प्रवासखर्च मात्र वेळेवर द्यावा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा