नर्सिंगचे पहिले सत्र आणि मराठीतली शंका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बी.एस्सी. नर्सिंगची नवी तुकडी वर्गात बसली, की दोन महिन्यांच्या आत काही मुली घरी परत जायचे म्हणू लागतात. ‘हल्लीच्या मुलींना कष्ट झेपत नाहीत’ असे आपण सहज म्हणून टाकतो. परंतु बावीस वर्षे पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, म्हणून काम केल्यावर मला हे पटत नाही.

भारतीय परिचर्या (नर्सिंग) परिषदेच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आठ सत्रांत विभागला गेला. पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी संभाषण आणि परिचर्येची मूलतत्त्वे शिकायची, त्यातच वॉर्डातली ड्यूटी करायची आणि तेही बहुधा आयुष्यात प्रथमच घर सोडून वसतिगृहात राहून. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीवर हा भार दुप्पट होतो. अशाच एका विद्यार्थिनीची वही मला आठवते. प्रत्येक इंग्रजी शब्दावर तिने पेन्सिलीने ‘स्टर्नम’, ‘क्लॅव्हिकल’ असे उच्चार लिहिले होते, अर्थ मात्र एकाचाही नव्हता. वर्गात मान खाली घालून बसणारी हीच मुलगी वॉर्डात म्हाताऱ्या रुग्णाला ‘आजी, माझ्या खांद्याला धरा, आता हळूच कूस बदलू’ असे सांगून इतक्या अलगद वळवायची, की शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक तिलाच हाक मारत. तिला विषय अवघड जात नव्हता, शंका विचारण्याची लाज वाटत होती.

औषधांची नावे, रुग्णाच्या नोंदी आणि लेखी परीक्षा इंग्रजीतच असल्याने इंग्रजी टाळता येणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही निदान पहिले सत्र संपेपर्यंत वर्गात मराठीतून शंका विचारण्याची मोकळीक असावी, आठ-दहा मुलींमागे एक शिक्षिका नेमून तिने दर आठवड्याला त्यांची विचारपूस करावी, आणि वॉर्डात मनुष्यबळ कमी आहे म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलींना कामाला जुंपू नये. (ही शेवटची गोष्ट सर्रास घडते आणि रात्री अभ्यासाला बसायचे त्राणच उरत नाही.) आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि प्राचार्यांनी याचा विचार करावा, अशी कळकळीची विनंती आहे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास राखून ठेवला, तरी येत्या तुकडीपासून सुरुवात करता येईल.

– एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सातारा